यामा काय व्हतं? तळ्याच्या फिल्टरसाठी जुना ड्रम निवडताना

अंगणातल्या छोट्या तळ्याला घरीच फिल्टर करणं फारसं अवघड नाही. एक पंप, एक डबा, डब्यात खडी आणि जाळी, आणि पाणी परत तळ्यात सोडायला एक पाइप. खरी अडचण असते ती डब्याची. मला ती सहा गोल्डफिश आणि मोजले नाहीत इतके गप्पी गमावल्यावर कळली.

अमळनेरकडे मामांचं कापसाचं शेत आहे. तिथे गोठ्याशेजारी दोनशे लिटरचा निळा ड्रम रिकामा पडलेला दिसला. झाकण शाबूत, तडा कुठे नाही. मी आमच्या अहिराणी बोलीत विचारलं, "मामा, यामा काय व्हतं?" म्हणजे यात काय होतं? मामा बैलाला पाणी पाजत होते. वळूनही न बघता म्हणाले, "काही नही रे, पाणीच व्हतं." ड्रम टेम्पोत टाकून जळगावला आणला, कपड्याच्या पावडरने दोनदा घासला, दिवसभर उन्हात ठेवला आणि फिल्टर जोडून पंप सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. मामांना फोन केला तेव्हा त्यांनी अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं: "फवारणीनं पाणी." म्हणजे फवारणीचं पाणी.

मामा खोटं बोलले नव्हते. दोनशे लिटर पाण्यात औषध कालवायचं आणि तिथूनच पंप भरायचे, ही आपल्याकडची रोजची रीत. त्यांच्या दृष्टीने तो पाण्याचाच ड्रम होता. प्रश्न विचारायला मीच कमी पडलो. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. फिल्टर जोडण्याबद्दल शेवटी थोडं येईल, पण बरंचसं डब्याबद्दलच आहे.

आधी तळ्याचं माप

भंगारात जाण्याआधी किती मोठा डबा लागेल ते ठरवा. नाहीतर समोर स्वस्त दिसेल ते उचललं जातं. तळ्याची लांबी, रुंदी आणि खोली फुटात मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. येतील तेवढे लिटर. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट खोल तळं म्हणजे ३६ घनफूट, साधारण हजार लिटर.

एवढ्या तळ्यात थोडे गप्पी आणि कमळ असेल तर ५० लिटरचा डबा चालून जातो. गोल्डफिश किंवा कोई असतील तर १०० लिटरच्या खाली जाऊ नका, कारण हे मासे खातात भरपूर आणि घाणही तेवढीच करतात. मोठा डबा घेतल्याने नुकसान काहीच नाही. फक्त तो ठेवायचा कुठे ते बघा. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी आणि खडी मिळून वजन अडीचशे किलोच्या वर जातं. जमिनीवर, विटांच्या सपाट ओट्यावर ठीक. जुन्या घराच्या गच्चीवर किंवा गॅलरीत नको.

हळदीचा डाग

आता मुख्य मुद्दा. तुमच्या घरी प्लास्टिकचा एखादा जुना डबा असेल, ज्यात कधीतरी भाजी ठेवली होती आणि जो तेव्हापासून पिवळाच आहे. घासा, उकळत्या पाण्यात ठेवा, पिवळेपणा जात नाही. त्याच डब्यात वर्षभर मीठ ठेवलं असेल तर एका पाण्यात तो स्वच्छ होतो. दोन्हींतला फरक समजला की डब्याची निवड निम्मी झाली.

निळे ड्रम आणि कॅन ज्या एचडीपीई प्लास्टिकचे असतात, ते मुळात तेलाच्याच घराण्यातलं आहे. पाण्यात विरघळणाऱ्या वस्तू त्याच्या अंगावर राहतात, आत शिरत नाहीत. मीठ, साखर, व्हिनेगर, ग्लुकोज धुतलं की गेलं. तेलात विरघळणाऱ्या वस्तू मात्र प्लास्टिकमध्ये मुरतात, आणि मग आठवडे, महिने थोड्याथोड्या पाण्यात उतरत राहतात. हळदीतला रंग तेलात विरघळतो, म्हणून तो डबा सोडत नाही.

फवारणीच्या औषधांची बाटली बघा. नावापुढे बऱ्याचदा 'ईसी' लिहिलेलं असतं. म्हणजे विष पेट्रोलियमच्या द्रावकात विरघळवलेलं आहे आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होतं. ते हळदीसारखंच मुरतं. मामांचा ड्रम मी कितीही घासला असता तरी वरवरचंच निघालं असतं.

त्यात मासे फार नाजूक. सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन या जातीची कीटकनाशकं कापसावर सर्रास वापरली जातात, आणि लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढ्यानेही मासे मरतात. हजार लिटरच्या तळ्याचा हिशेब केला तर काही मिलिग्रॅम पुरे. चिमूटभर मिठाहून हे कितीतरी कमी आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. औषधाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. मला अनेकांनी सांगितलं आहे, "हिरव्या खुणेचा डबा आहे, काही होत नाही." ही वर्गवारी माणसाला किती धोका आहे ते कळावं म्हणून, प्रयोगातल्या प्राण्यांच्या पोटात किंवा कातडीवर किती विष गेलं की ते मरतात त्यावरून केलेली आहे. माशांचा तिथे विचार नाही. उंदराला सौम्य असलेलं औषध माशाला काळ ठरू शकतं. म्हणून रंग कुठलाही असो, औषधाचा डबा तळ्याच्या आसपास नको. तो तीनदा विसळून, भोक पाडून निकामी करायचा असतो. पाणी, धान्य, चारा, मासे कशासाठीच वापरायचा नसतो.

आणि आपल्या बोलीची एक गंमत बघा. आपण विषाला 'औषध' म्हणतो. शहरातून आलेल्या माणसाला कोणी सांगितलं की "यात औषध होतं", तर तो खोकल्याचं सिरप समजेल.

विचारायचे तीन प्रश्न

"यात काय होतं?" हा प्रश्न एकटा पुरत नाही, हे मामांनी मला शिकवलं. मी आता तीन विचारतो. कंपनीतून आला तेव्हा यात काय होतं? त्यानंतर तुम्ही कशाला वापरला? आणि आणल्यापासून कुठे ठेवला होता?

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लोणच्याचा किंवा ग्लुकोजचा म्हणून शहरातून गेलेला ड्रम शेतात पोचला की फवारणीचा ड्रम होतो. वर मूळ लेबल तसंच असतं. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यात पानांवरच्या करपा रोगासाठी खनिज तेल आणि बुरशीनाशक एकत्र फवारतात, तेही अशाच ड्रममध्ये कालवून. तिसरा प्रश्न यासाठी की औषधाच्या खोलीत, गळक्या बाटल्यांशेजारी चार महिने पडलेला कोरा डबाही कोरा राहत नाही.

उत्तर ठाम मिळालं नाही, "माले काय माहीत" असं आलं, तर डबा परत ठेवा. भंगारवाल्याचा यात दोष नाही. त्याच्याकडे शंभर ठिकाणचा माल येतो आणि एकावर एक रचला जातो. म्हणूनच मी भंगार बाजारात शेवटी जातो. आधी जिथे डबा रिकामा होतो तिथे जावं.

कुठे शोधावं

लग्नसराईत केटररकडे पंधरा लिटरचे खाद्यतेलाचे प्लास्टिकचे जार ढिगाने पडलेले असतात. त्यांना ते नकोच असतात. मिठाईवाले आणि बेकरीवाले लिक्विड ग्लुकोज घेतात, त्याचे ड्रम किंवा मोठ्या कॅन हा माझ्या मते पहिल्या नंबरचा माल. साखरेच्या पाकासारखी वस्तू, गरम पाण्यात पूर्ण निघते. लोणचं, सॉस, व्हिनेगर बनवणाऱ्यांचे ड्रमही चांगले. वासाने घाबरू नका, हिंग-मोहरीचा वास महिनाभर राहतो पण माशाला त्याचं काही नाही. मीठ मात्र नीट धुवा.

खाद्यतेलाचे जार घेताना एवढं लक्षात ठेवा, की तेल विषारी नसलं तरी त्रासदायक आहे. त्याचा तवंग पाण्यावर आला तर हवा पाण्यात मिसळायला अडथळा येतो आणि खडीवर चिकट थर बसतो. ते काढायची रीत पुढे सांगतो. तेलाचा पत्र्याचा डबा मात्र नको, चार-सहा महिन्यांत गंजतो आणि कडा हात कापतात.

हे मुळीच घेऊ नका

डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, ग्रीस: हळदीचा नियम. कधीच पूर्ण निघत नाही.

फिनाइल, वाळवीचं औषध, फॉर्मेलीन, थिनर, लाकडाचं पॉलिश: नको. चर्चा नाही.

डिस्टेंपर आणि इमल्शन रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या हा वादाचा विषय. बादली मजबूत असते, झाकण घट्ट बसतं, आणि घराघरांत ती पाण्यासाठी वापरतातच. पण पाण्यावर आधारित रंगात बुरशी लागू नये म्हणून जंतुनाशक घातलेलं असतं, आणि फिल्टरमध्ये तर आपल्याला जिवाणूच वाढवायचे आहेत. मी ती बादली खडी वाहायला वापरतो, फिल्टरला नाही. वॉटरप्रूफिंगच्या बादलीचंही तेच.

भांडी घासायच्या लिक्विडच्या कॅन: ही वस्तू पाण्यात विरघळते, म्हणजे निघते. पण साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो आणि या कॅन धुता धुता माणूस थकतो, फेस थांबत नाही. दुसरं काही मिळत असेल तर सोडून द्या.

विद्राव्य खतं आणि पिकांच्या 'टॉनिक'च्या कॅन: त्यांतलं बरंचसं धुतलं जातं. पण सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबं आणि जस्त असतं, आणि टॉनिकात नेमकं काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, कालवलेली बादली तर अजिबात नको. तांबं माणसाला पाण्याच्या हंड्यात चालतं, माशाला चालत नाही. याच कारणाने फिल्टरला तांब्या-पितळेचे नळ किंवा जोड लावू नका, आणि जुन्या कूलरचा जस्ती पत्र्याचा टबही नको.

बॅटरीचं ॲसिड असलेली कॅन नको, कारण त्यात शिसं येऊ शकतं. मासळीबाजारातला थर्मोकोलचा खोका ठिसूळ असतो, पाण्याच्या भाराने फुटतो. थंड पाण्याचा जार, जो लग्नात आणि दुकानात येतो, त्याच्या दोन भिंतींमध्ये फोम असतो. भोक पाडलं की पाणी त्या फोममध्ये शिरतं आणि मग तिथून कुजका वास येत राहतो. मी हे करून बघितलं आहे.

तळाचा आकडा वाचा

डबा उलटा करा. तीन बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा सापडेल. २ म्हणजे एचडीपीई आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हे दोन आपल्या कामाचे. ४ ही चालतं, पण ते मऊ असतं आणि मोठ्या डब्यात क्वचितच दिसतं. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं पेट. ते विषारी नाही, पण उन्हात ठिसूळ होतं आणि भोक पाडताना तडकतं. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. ७ मध्ये उरलेलं सगळं येतं. पाण्याचे कडक, काचेसारखे वीस लिटरचे बाटले बऱ्याचदा त्यातल्याच पॉलिकार्बोनेटचे असतात.

आकडा पुसला गेला असेल तर काठावरून चाकूने नखाएवढा तुकडा काढा आणि पाण्यात टाका. २, ४ आणि ५ तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. जाळून वास घेऊन ओळखणारे लोक आहेत, तुम्ही करू नका. पीव्हीसीचा धूर छातीला वाईट.

पेला आणि काटा अशी खूण असेल तर डबा अन्नासाठी बनवलेला होता. खूण त्याच्या जन्माबद्दल सांगते, पुढे त्याचं काय झालं ते सांगत नाही.

आणि पुनर्वापर या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. एक, जुनाच डबा पुन्हा वापरणं. दोन, जुनं प्लास्टिक वितळवून त्याच्या दाण्यापासून केलेला नवा डबा. जळगावच्या एमआयडीसीत असा दाणा वापरून चटया विणल्या जातात, आणि चटईला तो उत्तमच आहे. पण काळं घमेलं, काळी स्वस्त टाकी, रंगीत पण मळकट दिसणारा ड्रम अशा मालात कुठल्या कुठल्या डब्यांचा दाणा गेला हे कोणी सांगू शकत नाही. काळ्या रंगात सगळं झाकलं जातं. फिल्टरला एक रंगाचा, मूळ निळा किंवा पांढरा डबा घ्या, मग तो दहा वर्षं जुना असला तरी चालेल.

हात लावून बघा

भिंतीवरून तळवा फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर ऊन प्लास्टिक खाऊन बसलं आहे. अंगठ्याने जोरात दाबा. चांगलं एचडीपीई आत जातं आणि परत येतं. दाबल्यावर पांढरी रेघ उठली किंवा कटकट आवाज आला तर तो डबा पुढच्या मे महिन्यात फुटणार. भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांना टेकतो तेव्हा हे प्रकर्षाने दिसतं. पाणी भरलेला ड्रम दुपारी फुटला तर तळंही पंपाने रिकामं होतं, हे लक्षात घ्या.

चौकोनी कॅन पाण्याने भरल्या की पोट काढतात आणि झाकणाकडून गळतात. गोल ड्रम भार सारखा घेतो. जागा असेल तर गोलच घ्या.

पांढरी, अर्धपारदर्शक कॅन घेतली तर आत उजेड जाऊन शेवाळ धरतं. बाहेरून गोणपाट गुंडाळा. गोणपाट ओलं ठेवलं तर माठासारखं पाणीही थोडं गार राहतं, आणि प्लास्टिकला ऊन लागत नाही.

धुणं

ग्लुकोज, लोणचं, व्हिनेगर: गरम पाण्याने तीनदा, मग दोन दिवस साध्या पाण्याने भरून ठेवा, ओता. झालं.

खाद्यतेल: बादलीभर कडकडीत गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवा. हातमोजे घाला, हा सोडा हात सोलतो. डब्यात ओतून, झाकण सैल ठेवून तासभर राहू द्या, मग जुन्या कपड्याने घासा. तारेची घासणी नको, तिच्या चऱ्यांत तेल आणि घाण अडकते. पाणी ओतल्यावर भिंतीवर पाणी सलग पसरतं का, की थेंब थेंब होऊन सुटतं, ते बघा. पण नवं प्लास्टिकही पाणी थोडं सुटूच देतं, म्हणून खरी परीक्षा बोटाची: आतून बोट फिरवल्यावर निसरडं लागतंय तोवर पुन्हा सोडा.

साबणाची पावडर वापरू नका. वापरलीच तर फेस पूर्ण जाईपर्यंत विसळा.

शेवटी दोन-तीन दिवस कडक उन्हात, झाकण काढून, आडवा. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही.

चाचण्या, मासे टाकण्याआधी

पहिली नाकाची. डब्यात तळाला चार-पाच लिटर कोमट पाणी घाला, झाकण घट्ट लावा, दुपारभर उन्हात ठेवा. संध्याकाळी झाकण उघडून लगेच वास घ्या. लोणच्याचा, तेलाचा चालेल. रॉकेल, रंग, औषध, किंवा ओळखू न येणारा कसलाही उग्र वास आला तर डबा बाद.

दुसरी फेसाची. तेच पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवा. फेस मिनिटाभरात बसला नाही तर साबण शिल्लक आहे.

तिसरी मला मामांच्या ड्रमनंतर सुचली, आणि मी ती कधी चुकवत नाही. डब्यात पाणी तीन दिवस उन्हात राहू द्या. मग काचेच्या दोन बरण्या घ्या. एकीत डब्यातलं पाणी, दुसरीत तळ्यातलं किंवा एक दिवस उघडं ठेवून शिळं केलेलं साधं पाणी. कूलरच्या टाकीत किंवा जुन्या टायरमध्ये डासांच्या अळ्या सापडतातच. दहा-दहा अळ्या दोन्ही बरण्यांत सोडा, तोंडाला फडकं बांधा, सावलीत ठेवा. कीटकनाशकाचा अंश असेल तर एका दिवसात डब्याच्या बरणीतल्या अळ्या तळाला जातात आणि साध्या पाण्यातल्या वळवळत राहतात. चाचणी झाली की दोन्ही बरण्या तापलेल्या कोरड्या मातीवर ओता, गटारीत नको. डेंग्यू वाढवायला आपण बसलेलो नाही.

चौथी तणनाशकासाठी. अळ्यांवर तणनाशकाचा परिणाम दिसेलच असं नाही. म्हणून दोन वाट्यांत मूग, एका वाटीत डब्याचं पाणी, दुसरीत साधं. तीन-चार दिवसांत मोडांची मुळं शेजारी ठेवून बघा. डब्याच्या पाण्यातली मुळं आखूड, जाड किंवा वाकडी आली तर समजून जा. ते मूग खाऊ नका.

चारही चाचण्या पार झाल्या तरी डबा शंभर टक्के निर्दोष असं म्हणता येत नाही. तांब्यासारख्या गोष्टी यांत पकडल्या जातीलच असं नाही. म्हणूनच आधीचे तीन प्रश्न महत्त्वाचे.

जोडणी, थोडक्यात

पाणी खालून आत, वरून बाहेर. आतला पाइप २० मिलिमीटरचा असेल तर बाहेरचा ४० चा ठेवा, कारण बाहेर पाणी आपल्या वजनाने जातं आणि निमूटपणे तुंबतं. तळाशी एक इंची कॉक हवाच, साचलेला गाळ काढायला. भोक होल-सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने पाडा. तापवलेल्या पाइपने प्लास्टिक वितळवून भोक पाडलं तर कड वेडीवाकडी होते आणि वॉशर बसत नाही. टाकीचे निपल, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायचे तुकडे, नवेच घ्या, चाळीस-पन्नास रुपयांसाठी भंगारात शोधत बसू नका.

पाइपही नवाच, पिण्याच्या पाण्याचा. जुन्या पीव्हीसी पाइपमध्ये स्टॅबिलायझर म्हणून शिसं वापरत असत. ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये काढले. शेतातून उपटलेले जुने पाइप आपल्याकडे फुकट मिळतात, पण दोन मीटरसाठी तो हिशेब जुळत नाही. सोल्युशन लावल्यावर एक दिवस सुकू द्या, मग पाणी वाहवून फेकून द्या. सिलिकॉन लावायचं तर मत्स्यटाकीचं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं.

आत खालून वर: मोठी खडी, मग बारीक खडी किंवा भाजलेल्या विटांचे तुकडे, वर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या. बाटल्यांची बुचं भोकं पाडून टाकली तरी उत्तम काम करतात. ठिबकच्या जुन्या नळ्यांचे इंचभर तुकडे करून घालायची कल्पना खानदेशात कोणालाही सुचेल, मलाही सुचली. पण आज ठिबकमधून खतच नाही, औषधही सोडतात. तीन प्रश्नांची उत्तरं मिळत असतील तरच घ्या. कूलरची गवताची जाळी नको, आठवड्यात कुजते. गादीचा फोमही नको.

पंप असा, की तासा-दोन तासांत तळ्याचं सगळं पाणी एकदा फिरेल. हजार लिटरला तासाला पाचशे ते हजार लिटरचा. कूलरचा पंप अनेकांनी लावलेला असतो आणि तो चालतो, पण वायरीचा जोड पाण्याबाहेर ठेवा, अर्थिंग तपासा आणि त्या प्लगला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारं स्विच, बसवा. ओल्या हातांनी तळ्यात हात घालायचा आहे.

सुरू केल्यावर

नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. फिल्टर पहिल्या दिवशी फक्त गाळ अडवतो. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. तोवर दोन-चारच मासे, अगदी थोडं खाणं. कोणाच्या चालू फिल्टरमधली मूठभर खडी मिळाली तर हे दिवस कमी होतात, त्यांच्याकडून आनंदाने मागून घ्या.

उन्हाळ्यात एक गोष्ट जपा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. मासे आणि जिवाणू दोघांनाही तोच हवा असतो. म्हणून फिल्टरमधून परतणारं पाणी वीतभर उंचीवरून तळ्यात पडू द्या, आणि दुपारी तळ्यावर शेडनेट ओढा. लाइट चार-पाच तास गेली तर ड्रममधलं कोंडलेलं पाणी तळ्यात सोडू नका. आतले जिवाणू गुदमरतात, पाणी कुजतं. आधी खालचा कॉक उघडून ते काळं पाणी झाडांना द्या, मग पंप सुरू करा. गाळही असाच काढायचा. खडी नळाच्या पाण्याने धुऊ नका, तळ्याच्याच पाण्यात हलकी खळबळा.

माझा आताचा ड्रम एका मिठाईवाल्याकडचा, ग्लुकोजचा. तीन वर्षं झाली. मात्र मागच्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडला त्या दिवशी मामांचा मुलगा टेम्पो घेऊन दारात उभा. "दादा, तुम्हना निळा डरम दोन दिन दे ना, फवारणीले." त्या संध्याकाळी मी ऑइलपेंटने ड्रमच्या बाहेरून हातभर अक्षरांत लिहिलं: तळ्याचा ड्रम, शेतावर नेऊ नये. तुमचा ड्रम चाचण्यांत पास झाला की बाहेरून असंच काहीतरी लिहा, आणि आत काय होतं, कुठून आणला, कधी आणला तेही खाली लिहून ठेवा.